सगळ्यांना गाठणारं झाड

वीज खात्याच्या नियोजन विभागात तिला सगळे झाडवाली म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिच्यामागे तिचं दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलंच नाही. ती कायम झाडंच काढायची. हिशेबाच्या कागदाच्या मागच्या बाजूला, जुन्या कॅलेंडरवर, एकदा तर साहेबांच्या टेबलावरच्या टीपकागदावर. पानं-फुलं असलेली झाडं नव्हेत. ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. कुठलाही ठिपका सुटायचा नाही आणि कुठंही रेषांचा वेढा पडायचा नाही, अशी ती झाडं. साहेबांनी टीपकागद बघितला आणि म्हणाले, "बाई, याला सावली पडते का हो?" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं तर विजेचं अख्खं शहर म्हणजे असं एक झाडच असतं. मोठ्या केंद्रातून वीज निघते, एका सबस्टेशनातून दुसऱ्यात जाते, तिथून तिसऱ्यात. ठिकाणं जोडणाऱ्या लाइनी गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या असतात. पण त्या सगळ्या एकदम चालू ठेवायच्या नसतात. एकाच ठिकाणी दोन वाटांनी वीज पोचली, की बिघाड झाल्यावर नेमकं कुठं तोडायचं ते यंत्रांना कळत नाही आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून काही लाइनी चालू ठेवायच्या, काही बंद. सगळ्यांना गाठायचं, पण वेढा पडू द्यायचा नाही.

झाडवालीनं हेच झाड विद्यापीठात काही वर्षं अभ्यासलं होतं. नुसतं झाड शोधणं सोपं, कुणीही शोधतं. पण एक अट घाला: या ठिपक्यातून दोनच फांद्या फुटतील, त्यातून तीनच. एवढ्या एका अटीनं सोपं गणित राक्षस होतं. असं झाड आहे की नाही, हे खात्रीनं सांगायचं तर शक्यता तपासाव्या लागतात, आणि ठिकाणं वाढली की शक्यता उतू जातात. या राक्षसाशी दोन हात करता करता तिचं संशोधन रखडलं. शेवटी मामानं तिला खात्यात आणून बसवलं. "तिकडं कागदावरची झाडं काढतेस, इथं खरी काढ," म्हणाला.

हा मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा झाडवाली शाळेत होती. मामानं तिला घरी आणलं आणि मामीनं पोटच्या मुलीसारखं वाढवलं. मामा कंट्रोल रूमचा मुख्य. भिंतभर पसरलेला शहराचा फलक, त्यावर लाल-हिरवे दिवे, खाली स्विचांची रांग, आणि त्या रांगेपुढे चाकाच्या खुर्चीत मामा. खुर्चीचं एक चाक करकरायचं. तेल घाला म्हटलं तर म्हणायचा, "राहू दे, मी जागा आहे हे लोकांना कळतं."

वादळ आलं ते सकाळी. दुपारपर्यंत वाऱ्यानं निम्म्या लाइनी लोळवल्या. बऱ्याच सबस्टेशनांत पाणी शिरलं, लाइनी जोडणारे-तोडणारे ब्रेकर जळाले. शहर एका झटक्यात अंधारात गेलं. दिवसाढवळ्याचा अंधार तसा दिसत नाही, पण हॉस्पिटलातली यंत्रं थांबतात, पाण्याचे पंप थांबतात, लिफ्टमधे माणसं अडकतात. झाडवाली नियोजन विभागातून धावत कंट्रोल रूममधे आली. मामाच्या दोन्ही कानांना दोन फोन होते. कुठली लाइन शाबूत आहे, कुठल्या सबस्टेशनातून किती फांद्या काढता येतील, ते वायरमन एकेक करून कळवत होते. इथून दोनच. इथून तीन. इथून एकच, तीसुद्धा देवाचं नाव घेऊन.

म्हणजे तोच राक्षस. पुस्तकातून उठून भिंतीवर येऊन बसलेला.

मामानं फलकाच्या नकाशावर पेन्सिलीनं जोडायला सुरुवात केली. एक मांडणी केली, दोन ठिकाणं राहिली. पुसली. दुसरी केली, हॉस्पिटल राहिलं. पुसली. झाडवालीही शेजारी उभी राहून जुळवत होती. वरून साहेबांचा फोन सारखा येत होता, "अजून किती वेळ?" शेवटी एक मांडणी अशी बसली, की सगळं शहर जोडलं गेलं आणि एकच ठिकाण राहिलं. नदीकाठची वस्ती.

"आणखी थोडं बघू या का?" झाडवाली म्हणाली.

"हॉस्पिटलचं जनरेटर आचके देतंय," मामा म्हणाला. "बघत बसायला वेळ कुणाकडं आहे?"

त्यानं स्विच टाकायला सुरुवात केली. फलकावर एकेक दिवा हिरवा होत गेला. नदीकाठचा तेवढा लाल राहिला. खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामानं हात बाजूला घेतला आणि बराच वेळ फलकाकडं बघत राहिला. दमला असेल, असं झाडवालीला वाटलं.

नदीकाठच्या वस्तीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची. तिचा नवरा ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य घालवून फुप्फुसं गमावून बसला होता. घरात एक यंत्र होतं, हवेतला प्राणवायू गोळा करून नळीनं नाकाशी पोचवणारं. ते विजेवर चालायचं. बाईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, चौघांनी त्याला खाटेसकट उचललं, पण रस्त्यावर झाडं पडलेली. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

मग चौकशी. समितीचे अध्यक्ष शांत, नीटस बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मामाला एकच प्रश्न विचारला, पण वेगवेगळ्या तऱ्हांनी. त्या दिवशी सगळ्यांना वीज पोचेल अशी मांडणी शक्य होती की नव्हती?

"नव्हती," मामा म्हणाला.

"तुम्हाला सापडली नाही, की नव्हतीच?"

"नव्हतीच," मामा म्हणाला.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

तीस वर्षांच्या अनुभवावरून, असं मामा म्हणाला. अध्यक्षांनी मान डोलावली आणि शेवटी निकाल दिला, की अनुभव हा पुरावा होत नाही, आणि शोध अपुरा सोडणं हा हलगर्जीपणा होतो. मामाला खुर्ची सोडावी लागली.

त्या दिवसापासून माणूस खचला. घरात मागच्या खोलीत बसून राहायचा. एका बाजूची ताकद कमी झाली, चालताना पाय ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत छोटीशी गुठळी. मामी म्हणाली, गुठळी मेंदूत नाही, घशात आहे. हा माणूस बोलत का नाही? पूर्वी घरात शिरल्या शिरल्या दिवा लावणारा मामा आता अंधार पडला तरी बटणाला हात लावत नसे. मामी येऊन लावायची आणि परत जायची.

एकदा भाजी निवडताना मामी झाडवालीला म्हणाली, "तू एवढी शिकलीस. तुला नाही का सांगता येणार, नव्हती म्हणून?"

"सांगून काय उपयोग, मामी? सिद्ध करावं लागेल."

"मग कर की सिद्ध."

इतकं सोपं असतं तर! झाडवाली तिच्या जुन्या सरांकडं गेली. सर निवृत्तीला टेकले होते, जिभेला धार मात्र तशीच. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "उत्तर 'हो' असतं तर सोपं होतं. झाड काढून पुढ्यात टाकलंस की अध्यक्षांचं तोंड बंद. 'नाही' असेल तर काय दाखवशील? रिकामी टोपली? ते म्हणतील, नीट शोधलं नसशील."

"म्हणून तर सगळं शोधायचंय, सर. अंदाजपंचे नाही. एकही शक्यता न सोडता."

"घरच्या माणसासाठी गणित करू नये," सर म्हणाले. "हवं तेच उत्तर दिसायला लागतं." आणि तरीही कपाटातून आपली जुनी टिपणं काढून तिच्यासमोर ठेवली.

त्या काळी खात्यात एकच कॉम्प्युटर होता. थंडगार खोलीत ठेवलेला, लग्नातल्या नवरीसारखा जपलेला. सुट्टीच्या दिवशी तो रिकामा असायचा. साहेबांची परवानगी काढून झाडवालीनं पहिला प्रोग्रॅम चालवला. पद्धत सरळ होती. एक लाइन घ्यायची. ती झाडात आहे असं धरून पुढं जायचं. मग नाही असं धरून पुढं जायचं. प्रत्येक वेळी वाट फुटते, त्या वाटेलाही वाट फुटते. जिथं अट मोडते तिथून मागं फिरायचं. तिनं जमतील तितक्या युक्त्या केल्या, फुकटच्या वाटा आधीच छाटल्या. यंत्र घुमत राहायचं. सोमवार आला की थांबवायचं, पुढच्या सुट्टीला तिथून पुढं सुरू करायचं. असे कितीतरी महिने गेले.

मग तिनं हिशेब मांडला, की एकूण किती काम आहे आणि किती झालंय. उत्तर बघून ती हसली. खोलीची राखण करणारा ऑपरेटर म्हणाला, "काय झालं ताई?"

"काही नाही. आपली नातवंडं म्हातारी होतील तेव्हा हे संपेल. आणि मला तर मूलही नाही."

ती घरी गेली तेव्हा मामीनं नुसतं बघितलं आणि काही विचारलं नाही. ते न विचारणं झाडवालीला लागलं.

पुढं काय करावं सुचेना, म्हणून तिनं एक काम काढलं, जे आधीच करायला हवं होतं. त्या दिवशी फोनवर कळवलेली माहिती खरी होती का? ज्या सबस्टेशनातून दोनच फांद्या निघतील असं सांगितलं, तिथून तीन निघाल्या असत्या तर सगळं गणितच फोल. तिनं खात्यातला जुना मुकादम बरोबर घेतला आणि शहराच्या पूर्वेच्या टोकापासून पायी निघाली. प्रत्येक सबस्टेशनात जायचं, जळके ब्रेकर अजून मागच्या अंगणात गंजत पडलेले असत, ते बघायचे, त्या दिवशी तिथं कोण होतं त्याला गाठायचं. मुकादम गप्पिष्ट होता. प्रत्येक खांबापाशी त्याची एक आठवण. "या खांबावरून मी पडलो होतो. त्या खांबावरून माझा भाऊ पडला. आमच्या घराण्याला उंची मानवत नाही."

चालता चालता, शहराच्या मध्याशी आल्यावर, झाडवालीच्या लक्षात आलं की ती मागचं सगळं विसरत चाललीय आणि त्यानं काहीच अडत नाहीय. पूर्वेकडं कुठली लाइन कुठं गेली, ते आता लक्षात ठेवायचं कारण नव्हतं. आत्ता ती जिथं उभी होती, त्या आडव्या रेषेवर मोजकीच सबस्टेशनं होती. पुढं जायला एवढंच कळायला हवं, की यांच्यातलं कोण कोणाशी मागून जोडलं गेलंय आणि कुणाकडं अजून किती फांद्या शिल्लक आहेत. मागं हजार तऱ्हांनी जोडलेलं असो, रेषेवरची नाती तीच असतील तर त्या हजार तऱ्हा म्हणजे एकच. शहर नदीच्या कडेनं लांबट वाढलेलं, लांबी बरीच, रुंदी कमी. रेषा कुठंही आखा, तिच्यावर फार ठिकाणं येत नाहीत.

ती रस्त्यातच थांबली. मुकादम म्हणाला, "चप्पल तुटली का?"

"नाही. चला, चला."

शेवटचं ठिकाण नदीकाठची वस्ती. सबस्टेशन म्हणजे एक कुंपण आणि कुंपणात एक गुरगुरणारी पेटी. पेटी बघून झाल्यावर निघून जाता आलं असतं. मुकादम तर निघालाच. पण चढावरच्या एका घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता, आणि तो कुणाचा ते झाडवालीला चौकशीच्या कागदांतून माहीत होतं. ती जिना चढून वर गेली.

खोली लहान होती. एका भिंतीला शाळेच्या गणवेशांचा ढीग, दुसऱ्या भिंतीला खाट. खाटेवर अंथरूण नव्हतं, कापडाचे तागे रचले होते. बाईनं मशीन थांबवलं नाही. झाडवालीनं आपण कोण, कुणाची भाची, ते सरळ सांगून टाकलं. मग मशीन थांबलं.

"कशाला आलात?"

झाडवालीनं सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांना वीज देता आली असती का, ते मी शोधतेय. खात्रीनं.

बाईनं सुई वर केली, कापड फिरवलं, सुई खाली केली. म्हणाली, "सगळ्यांना देता आली असती का, ते तुम्ही शोधताय. ठीक. समजा, नसती आली. कुणीतरी राहणारच होतं. मग आम्हीच का? ते कोण शोधतंय?"

झाडवालीची नजर खाटेवरच्या ताग्यांकडं गेली.

"ते पण शोधा," बाई म्हणाली. "आणि जे निघेल ते मला येऊन सांगा. काहीही निघो."

"सांगेन."

"लोक म्हणतात सांगेन," बाई म्हणाली आणि पुन्हा पाय चालवायला लागली.

नवा प्रोग्रॅम लिहायला वेळ लागला, पण चालायला लागला तो एका सुट्टीत संपला. पूर्वेकडून रेषा सरकत निघाली. प्रत्येक पावलाला काही शक्यता जन्मायच्या, काही मरायच्या. मधल्या बाजाराच्या भागात त्या इतक्या फुगल्या, की यंत्राची स्मृती पुरते की नाही अशी धाकधूक झाली. मग ओसरायला लागल्या. पश्चिमेच्या टोकाशी येईपर्यंत मूठभर उरल्या. शेवटच्या पावलाला एकही उरली नाही.

नाही. असं झाड नव्हतंच.

सरांचं बोलणं तिच्या डोक्यात होतं, म्हणून तिनं आनंद होऊ दिला नाही. पुढच्या सुट्टीला तोच प्रोग्रॅम उलटा चालवला, पश्चिमेकडून पूर्वेकडं. तिथंही शेवटी काहीच उरलं नाही. सरांनी स्वतः पद्धत ओळीओळीनं तपासली, छोट्या छोट्या खोट्या शहरांवर हातानं पडताळून बघितली, आणि म्हणाले, "रिकामी टोपली आहे खरी. पण ही रिकामी आहे हे आता कुणीही मोजून बघू शकतं."

समिती पुन्हा बसली. अध्यक्षांना गणित पेललं नाही, पण त्यांनी विद्यापीठातून दोन माणसं बोलावली आणि त्यांना पेललं. मामावरचा ठपका पुसला गेला. मामी देवघरापुढं बसून पोटभर रडली. शेजारपाजारच्या घरी जाऊन सांगून आली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

मामानं ऐकलं. "बरं झालं," म्हणाला. "तू फार मेहनत घेतलीस." आणि खिडकीबाहेर बघायला लागला. झाडवालीला वाटलं होतं तो रडेल, किंवा निदान उठून अंगणात जाईल. तो जागचा हलला नाही. ज्याच्यासाठी एवढा अट्टहास केला त्याला त्याचं काहीच वाटू नये, याचं तिला वाईट वाटलं, थोडा रागही आला.

बाईला दिलेला शब्द शिल्लक होता. दुसरा प्रश्न आता अवघड नव्हता. एकेक ठिकाण वगळायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. कुणाला सोडलं असतं तर बाकीच्यांचं झाड झालं असतं? नदीकाठची वस्ती सोडली की होत होतं, ते मामानं करूनच दाखवलं होतं. बाकी ठिकाणी नाही, नाही, नाही. एका ठिकाणी मात्र यंत्रानं 'हो' म्हटलं आणि झाड काढून दाखवलं. रेल्वेच्या मागची गोदामं. लोखंड, सिमेंट, कापसाच्या गाठी. तिथं रात्रीही माणूस नसतो, आणि वादळाच्या दिवशी तर चिटपाखरू नव्हतं.

झाडवाली त्या थंड खोलीत बराच वेळ बसून राहिली. ही गोष्ट फक्त तिला माहीत होती. विसरून जाणं सहज शक्य होतं. समितीनं हे विचारलं नव्हतं, मामानं विचारलं नव्हतं. ऑपरेटर कुलूप लावायला आला तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून शिवणकामवाल्या बाईकडं गेली आणि दोन्ही उत्तरं सांगितली. मधे थांबली नाही, शब्द मऊ केले नाहीत.

बाई ऐकत असताना गणवेशाच्या बाहीचा दोरा उसवत होती. उसवून झाला तरी बोटं चालूच राहिली. "गोदामं," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या मामांना माहीत आहे?"

"नाही. मलाच काल कळलं."

"मग सांगा त्यांना."

"ते आजारी आहेत," झाडवाली म्हणाली. "सांगून आता कुणाचं काय भलं होणार?"

बाईनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "भलं कशाला व्हायला हवं? मला तरी काय भलं झालं ऐकून? हे मी एकटीनं का वाहायचं?"

मामीला घराबाहेर काढायचं म्हणून झाडवालीनं तिला काहीतरी आणायला पाठवलं. मग मागच्या खोलीत मामासमोर बसली. सुरुवात कशी करावी ते ठरवून आली होती, पण तोंडातून एकदम निघालं, "मामा, गोदामं सोडता आली असती."

मामानं डोळे मिटले. ती घाबरली, हात धरला. तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. शेवटचा स्विच टाकला, हात काढून घेतला, आणि फलक बघता बघता दिसलं. कुठल्या दोन लाइनी बदलायच्या तेसुद्धा दिसलं."

झाडवाली म्हणाली, "मग बदललं का नाही?"

"बदलायचं म्हणजे पुन्हा सगळं पाडायचं. हॉस्पिटलसकट. नुकतं कुठं उभं राहिलं होतं, पुन्हा उभं राहील की नाही याचा भरवसा नव्हता." तो थांबला. बोलताना त्याची एक बाजू ओढल्यासारखी व्हायची. "हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खोटं नाही. पण पुरतं खरं पण नाही. लोक टाळ्या वाजवत होते गं. आणि मला वाटलं, वस्तीचं काय, एक दिवसाचा तर प्रश्न. त्यांच्याकडं वीज एरवी तरी कुठं नीट असते? त्यांना सवय आहे."

"समितीपुढं तुम्ही…"

"त्यांनी विचारलं, सगळ्यांना देता आली असती का. मी म्हटलं नाही. ते खरंच होतं, तूच सिद्ध केलंस. दुसरं कुणी विचारलंच नाही. मी वाट बघत होतो, कुणीतरी विचारेल. तू विचारशील असं वाटलं होतं." तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "तू 'नाही' घेऊन आलीस त्या दिवशी मला वाटलं, आता कुणीच विचारणार नाही. मी सुटलो. आणि सुटलो असं वाटलं त्याचीच किळस आली."

झाडवालीनं त्याचा हात सोडला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

नदीकाठी जायचं त्यानंच ठरवलं. मामीला काय सांगितलं ते झाडवालीला कळलं नाही. खोलीचं दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा मामीचा चेहरा दगडासारखा झाला होता. तिनं मामाची काठी आणून दिली, पण त्याच्या हातात नाही, भिंतीला टेकवून ठेवली.

रिक्षा चढावर, जिन्यापाशी थांबली. मामाला जिना चढवेना. दोन पायऱ्या चढला आणि कठड्याला धरून उभा राहिला. झाडवाली वर गेली, बाईला सांगितलं. बाई खाली आली, गळ्यात मोजपट्टी तशीच. रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती, एक भाजीची गाडी चालली होती. तिथंच उभ्या उभ्या मामानं सगळं सांगितलं. टाळ्यांचं सांगितलं. सवयीचंही सांगितलं.

"सवय आहे, असं वाटलं," बाई म्हणाली. त्याचेच शब्द तिनं हळू उच्चारले, कापडाचा पोत बघावा तसे.

"हो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही उंच असाल असं वाटलं होतं मला." आणखी काहीतरी बोलेल असं वाटून दोघं थांबली. ती म्हणाली, "ऐकलं मी," आणि जिना चढून गेली. थोड्या वेळानं वरून मशीनचा आवाज सुरू झाला.

मामा तेवढ्यावर थांबला नाही. झाडवालीला घेऊन तो अध्यक्षांच्या घरी गेला. अध्यक्षांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तो प्रश्न समितीपुढं नव्हता. तुम्ही आजारी आहात. घरी जाऊन विश्रांती घ्या."

"मग तो कुणापुढं मांडू?" मामानं विचारलं.

अध्यक्षांनी ओशाळल्यासारखं हसून हात जोडले.

मामी बरेच दिवस मामाशी बोलली नाही. त्याचं नाव धुऊन निघावं म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते, निघाल्यावर ती दारोदार सांगत फिरली होती, आणि आता तेच नाव तोंडात आलं की ती गिळून टाकायची. ताट वाढून ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. झाडवालीवरही तिचा राग होता. "तुला कुणी सांगितलं होतं पुढचं खणायला?" एवढंच एकदा म्हणाली. झाडवालीनं खणलं नसतं तर मामा त्या खिडकीशी आणखी किती काळ बसला असता, आणि ते बरं झालं असतं की वाईट, हे कुठल्याही यंत्रावर निघण्यासारखं नव्हतं.

सरांनी आग्रह करून तिच्याकडून ती पद्धत लिहून घेतली. रेषेच्या पद्धतीचं चार ठिकाणी कौतुक झालं. उदाहरण म्हणून तिनं एक काल्पनिक शहर घेतलं होतं, ज्यात नदी नव्हती. खात्यात तिला बढती मिळाली आणि कंट्रोल रूममधे बसाल का, असं साहेबांनी विचारलं. ती नको म्हणाली. मग दोन दिवसांनी जाऊन हो म्हणाली.

मामा पुढच्या थंडीत गेला. गेला त्या सकाळी मामी त्याच्या उशाशी बसून होती आणि ती त्याच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते दाराबाहेर उभ्या असलेल्या झाडवालीला ऐकू आलं नाही, आणि ती आत गेली नाही. माणसं जमायला लागली तेव्हा तिला वाटलं, नदीकाठी कुणीतरी कळवायला हवं. तिनं चप्पल घातली आणि स्वतःच निघाली.

बाई दारातच भेटली, कामाचं गाठोडं घेऊन निघालेली. झाडवालीनं सांगितलं. बाईनं गाठोडं पायरीवर ठेवलं, पदरानं मान पुसली.

"कधी?"

"आज सकाळी."

"त्रास झाला का फार?"

"नाही."

"यांना झाला," बाई म्हणाली. ती आणखी थोडी उभी राहिली, मग गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं आणि चढ उतरायला लागली. झाडवालीची वाटही तीच होती. चढ संपेपर्यंत दोघी बरोबर चालल्या आणि खाली रस्ता फुटला तिथून आपापल्या दिशेनं गेल्या.